नॉर्वेजियन भाषेतले सामासिक शब्द: एका स्पेसने अर्थ कसा उलटतो?

नॉर्वेजियनमध्ये 'रॉइकफ्रित' म्हणजे धूम्रपानमुक्त. हाच शब्द तोडून 'रॉइक फ्रित' लिहिला, तर अर्थ होतो 'खुशाल सिगारेट ओढा'! म्हणून तिथे सामासिक शब्द सलग लिहायचा, हा नियम पक्का आहे. आता हे शब्द बनतात कसे, ते बघू.

शब्द कसे जोडतात?

शाळेतला तत्पुरुष समास आठवा. घरजावई हा शेवटी जावईच असतो ना? इथेही शेवटचा शब्द मुख्य. 'हुस' म्हणजे घर आणि 'बोट' म्हणजे होडी. मग 'हुसबोट' ही राहायची होडी, आणि 'बोटहुस' ही होडी ठेवायची शेड. शब्दाचं लिंगसुद्धा शेवटचा भागच ठरवतो.

कधी कधी मध्ये एस किंवा ई हे अक्षर येतं:

- आर्बाइड (काम) + एस + प्लास (जागा) = आर्बाइड्सप्लास, कामाची जागा
- बार्न (मूल) + ई + हागे (बाग) = बार्नेहागे, म्हणजे बालवाडी

ओळ संपली तर शब्द कुठे तोडायचा?

साध्या शब्दात सोपं आहे: दोन स्वरांमध्ये कितीही व्यंजनं असोत, शेवटचं एकच पुढच्या ओळीत जातं. पण सामासिक शब्द सांध्यावरच तोडलेला बरा. बार्ने-हागे, आर्बाइड्स-प्लास. मधलं अक्षर पहिल्या भागाकडेच राहतं.

मला सगळ्यात भारी वाटलेला शब्द म्हणजे 'बुसस्टॉप', अर्थात बसस्टॉप. 'बुस'च्या शेवटी दोन एस आणि 'स्टॉप'च्या सुरुवातीला एक, असे तीन एस होतात. सारखी तीन व्यंजनं सलग लिहीत नाहीत, म्हणून एक गाळतात. पण ओळीच्या शेवटी शब्द तुटला, की गाळलेला एस परत येतो!

फोनला हे का जमत नाही?

असे नवे शब्द कोणीही, कधीही बनवू शकतो. सगळे डिक्शनरीत भरणार कसे? त्यात कीबोर्डवरचं सजेशन टॅप केलं की पुढे आपोआप स्पेस पडते, आणि शब्द तुटतो.

यावर उपाय आहेत. हनस्पेल या स्पेलचेकरमध्ये शब्द जोडण्याचे नियम देता येतात, तीनाचे दोन करणाराही. ओळ तोडण्यासाठी फ्रँक लिआंग यांनी 1983 मध्ये स्टॅनफर्डला मांडलेली पद्धत आजही चालते. त्यात अक्षरांच्या छोट्या तुकड्यांमध्ये आकडे असतात: विषम आकडा म्हणजे इथे तोडा, सम म्हणजे तोडू नका. पण ही पद्धत फक्त जागा दाखवते, गाळलेला एस परत आणून देत नाही.

तुमच्यासाठी टिप

नॉर्वेजियन शिकत असाल, तर फोनमध्ये त्या भाषेचा कीबोर्ड टाका आणि सजेशननंतर पडलेली स्पेस बॅकस्पेसने काढून पुढचा भाग जोडा. वेबपेज बनवत असाल, तर भाषेचा कोड नक्की द्या: बोकमोलसाठी एनबी, नीनोश्कसाठी एनएन. तो नसेल तर कुठल्या भाषेचे नियम लावायचे, हे ब्राउझरला कळणारच नाही.