रोज बारा वाजतात

सकाळी ८. बाहेर मिट्ट काळोख. जानेवारीत सायबेरियात उजाडायला दहा वाजायला येतात आणि उणे वीस अंशांचं इथं कुणाला कौतुक नसतं. साल १९७३. गाव अकादेमगोरोदोक: नोवोसिबिर्स्क शहराच्या दक्षिणेला, ओब नदीवरच्या धरणाकाठी, बर्च आणि पाइनच्या रानात वसवलेली शास्त्रज्ञांची वसाहत. बर्फातून पायी अणुभौतिकी संस्थेकडे निघालेला हा तरुण संशोधक माझ्या कल्पनेतला आहे. संस्था खरी, तिचे संचालक खरे, आणि बारा वाजता तो ज्या टेबलाशी बसणार आहे तेही खरं.

९. पंप रात्रभर चालूच होते, तरी दाबमापकाचा काटा हवा तितका खाली आलेला नाही. कुठूनतरी हवा आत शिरते आहे. अल्कोहोलमध्ये भिजवलेला बोळा एकेका सांध्यावर फिरवायचा. काटा दचकला की गळती तिथं. प्लाझ्मावर काम करणाऱ्याचा निम्मा जन्म या प्लंबरकीत जातो. प्रबंधात त्याची एक ओळ येते.

१०. उजाडलं. काटा अजून तसाच.

११. सापडली! एका खिडकीच्या रबरी कड्यात केसाएवढी चीर. कडं बदललं, पंप पुन्हा सुरू. हवा आत येणं थांबलं. आता प्लाझ्मा बाहेर जाणं थांबवायचं, आणि ते रबरी कड्याचं काम नव्हे.

प्लाझ्मा म्हणजे इलेक्ट्रॉन सुटे झालेला वायू. अणुकेंद्रांच्या संमीलनासाठी तो कोट्यवधी अंशांपर्यंत तापवायचा, म्हणजे भिंतीला टेकू देता येत नाही. मग त्याला चुंबकीय क्षेत्रात कोंडायचं. भारित कण क्षेत्ररेषांभोवती गिरक्या घेत धावतात. टोकाशी क्षेत्र आवळलं की बहुतेक माघारी फिरतात. ही कल्पना १९५०च्या दशकात मॉस्कोत बुडकर यांना, म्हणजे या संस्थेच्या संचालकांना, सुचली आणि अमेरिकेत, त्यांच्याशी संबंध नसताना, रिचर्ड पोस्ट यांना. आवळलेल्या टोकाला रशियनमध्ये म्हणतात ‘प्रोब्का’, म्हणजे बूच. यंत्राचं नाव प्रोब्कोट्रॉन. मात्र बूच गळकं. क्षेत्ररेषेला जवळजवळ समांतर सुसाट येणारा कण त्याला जुमानत नाही, आणि कण एकमेकांवर आदळून नव्यानव्यांना त्या दिशेला लावत राहतात.

१२. मराठीत कुणाचे बारा वाजले तर वाईट. इथं ते रोज वाजतात आणि त्यासाठी माणसं हातातलं काम टाकून धावतात. मोठं गोल टेबल, कॉफी, आणि भोवती संस्थेची विज्ञान परिषद. संचालकांना सगळे ‘आंद्रेइ मिखाइलोविच’ म्हणतात: स्वतःचं नाव, पुढे वडिलांचं, आडनाव नाही. जन्मनाव गेर्श. १९१८ साली युक्रेनमधल्या एका खेड्यात जन्म. १९४१ मध्ये मॉस्को विद्यापीठातून बाहेर पडले ते थेट युद्धात, विमानविरोधी तोफांच्या दलात. १९४६ मध्ये अणुशास्त्रज्ञ कुर्चातोव्ह यांच्या प्रयोगशाळेत. भौतिकशास्त्रज्ञ लांदाउ त्यांना ‘सापेक्षतावादी अभियंता’ म्हणत. थट्टा म्हणा, पण नेमकी: हा सिद्धांतातला माणूस, आणि समीकरण सुटलं की याला लगेच यंत्र दिसायचं.

१९५८ मध्ये, चाळिशीत, ही संस्था त्यांच्या हाती आली. १९६४ मध्ये इथं इलेक्ट्रॉनवर इलेक्ट्रॉन आदळवले. मग प्रतिइलेक्ट्रॉन. पैसा कमी पडतो म्हणून संस्था कारखान्यांसाठी प्रवेगक बनवून विकते. तारेवरच्या प्लास्टिकला इलेक्ट्रॉनचा मारा दिला की ते आवरण उष्णतेला टिकतं, अशी त्यांची कामं. सोव्हिएत संघात प्रयोगशाळेनं दुकान मांडावं, हे मला त्यांच्या कुठल्याही यंत्राइतकंच नवलाचं वाटतं.

टेबलाला डोकं नाही, शेपूट नाही. नवखा पोरगाही अकादमीच्या सदस्याशेजारी बसून त्याचं म्हणणं खोडू शकतो. गंमत म्हणजे मॉस्कोच्या टोकामाकवाल्यांनी प्लाझ्माची नळीच गोल वाकवून टोकांचा प्रश्न मिटवला, आणि या गोल टेबलाशी बसून बुडकर सरळ नळीचा हट्ट सोडत नाहीत. सरळ नळी बांधायला सोपी, म्हणतात. टोकं गळतात? मग एका बुचाऐवजी ओळीनं बरीच बुचं लावू. १९७१ मध्ये मिर्नोव्ह आणि र्‍युतोव्ह यांच्यासह त्यांनी हेच मांडलं: आवळ-सैल, आवळ-सैल अशी नळी. घनदाट प्लाझ्मातला कण वाटेत धक्के खात कधी पुढे, कधी मागे. पंढरीच्या दर्शनबारीसारखा सरकतो, उधळत नाही.

दीड. खानावळ. सूप, काळा पाव, आणि टेबलाशी राहून गेलेलं भांडण.

अडीच. आता खरं काम. द्रव नायट्रोजन भरला, चुंबकांत प्रवाह सोडला. मोजायचं एकच: प्लाझ्मा किती वेळ टिकतो. आधी नळी सपाट ठेवून, म्हणजे क्षेत्र सगळीकडे सारखं, मग आवळून. ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर रेघ उमटते आणि विझते, म्हणून कॅमेरा लावलेला.

५. सूर्य मावळतीला. दहावी फिल्म. दोनदा कॅमेऱ्याचं झाकण काढायचंच राहिलं होतं.

७. अंधारखोलीत लाल दिवा. ओल्या फिल्मवरची रेघ पट्टीनं मोजायची. आवळलेल्या नळीतली रेघ उतरते, पण सावकाश. सपाट नळीतली केव्हाच तळाला गेलेली.

९. घरी जाता जाता तो परत वळतो. पंपाचा आवाज ऐकतो, काटा बघतो. मग दोन फिल्म वर्तमानपत्रात गुंडाळून कोटाच्या आतल्या खिशात ठेवतो. उद्या बाराला दाखवायच्या आहेत आणि कुणीतरी विचारणार, सपाट नळीच्या वेळी निर्वात इतकंच चांगलं होतं का? ते आकडे वहीत लिहिलेत की नाही, हे आठवत तो बर्फात उभा आहे.