देशांतर : एक शब्द, एक गणित

मराठीत ‘देशांतर’ म्हणजे स्वदेश सोडून अन्यत्र जाणे. सिद्धान्तग्रंथांत मात्र या शब्दाचा अर्थ मध्यरेषेपासून एखाद्या स्थळाचे पूर्व-पश्चिम अंतर असा आहे. ही मध्यरेषा लंका, उज्जयिनी व कुरुक्षेत्र यांवरून जाते असे मानीत. हा भेद ध्यानात न घेता अनुवाद केल्यास गणिताच्या परिच्छेदात प्रवासवर्णन शिरते. तो स्पष्ट करण्यासाठी भिलाईचे उदाहरण घेऊ.

पोलाद कारखान्यामुळे देशाच्या नाना भागांतून माणसे भिलाईत आली. मराठी कुटुंबेही आली. प्रचलित अर्थाने हे त्यांचे देशांतरच होय. मुंबईस विमानाने जावयाचे तर त्यांना रायपूरजवळचा माना येथील विमानतळ गाठावा लागतो. त्याचे स्थान अक्षांश २१°११′, रेखांश ८१°४४′. मुंबई विमानतळाचे १९°०५′ व ७२°५२′. म्हणजे अक्षांशांत २°०६′ व रेखांशांत ८°५२′ एवढे अंतर पडते.

अक्षांशाचा एक अंश सर्वत्र सुमारे १११ किलोमीटरांचा असतो. रेखांशाचा अंश विषुववृत्तावर तेवढाच असला, तरी ध्रुवाकडे जावे तसा आखूड होत जातो. २० अंशांच्या आसपास तो सुमारे १०४ किलोमीटर भरतो. यावरून दक्षिणोत्तर अंतर सुमारे २३३ आणि पूर्व-पश्चिम अंतर सुमारे ९२६ किलोमीटर येते. या दोन भुजांचा कर्ण सुमारे ९५५ किलोमीटर. एवढ्या अंतरात पृथ्वीच्या गोलाईने फारसा फरक पडत नाही. लोहमार्गाने दुर्ग ते मुंबई हेच अंतर सुमारे १,१०० किलोमीटर होते.

रेखांशाचा अंश आखूड होतो ही गोष्ट आपल्याकडे अज्ञात नव्हती. भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’त (इ. स. ११५०) भूपरिधी ४९६७ योजने मानला आहे. इष्ट स्थळाचा परिधी काढण्यासाठी त्यास लंबज्येने गुणून त्रिज्येने भागावे, अशी रीती आहे. वर १११ चे १०४ झाले ते याच रीतीने. शं. बा. दीक्षितांच्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ (१८९६) या ग्रंथामुळे ही परंपरा मराठी गद्यातही उतरली आहे.

आता काळाचा विचार. ताशी ८०० किलोमीटर वेगाने ९५५ किलोमीटरांस सुमारे १ तास १२ मिनिटे लागतील. परंतु चढण, उतरण, वळणे व धावपट्टीपर्यंतची चाल यांसाठी आणखी अर्धा तास धरावा लागतो. वेळापत्रकातील काळ विमान जागचे हलल्यापासून पुन्हा थांबेपर्यंतचा असतो. शिवाय हिवाळ्यात उंचावर पश्चिमेचे वारे प्रबळ असल्याने मुंबईकडे जाताना येण्यापेक्षा अधिक वेळ लागतो.

एका अंशास चार मिनिटे या हिशेबाने दोन्ही ठिकाणच्या सूर्यकाळांत सुमारे ३५ मिनिटांचा, म्हणजे जवळजवळ दीड घटिकेचा, फरक आहे. जुन्या ज्योतिषांचे देशांतर ते हेच. देशभर एकच प्रमाणवेळ असल्याने घड्याळात ते दिसत नाही, आणि म्हणूनच आगमनाच्या वेळेतून प्रस्थानाची वेळ वजा केली की प्रवासकाळ मिळतो. परदेशच्या प्रवासात मात्र ही वजाबाकी फसते. तेथे आधी देशांतराचा संस्कार करावा लागतो.

तेव्हा शास्त्रीय वाङ्मयाच्या अनुवादकाने ‘देशांतर’ या शब्दाशी क्षणभर थांबावे. आधी योजने व घटिका आहेत की काय ते पाहावे. नसल्यासच घर सोडून निघालेल्या माणसाचा शोध घ्यावा.