परकीय भांडवल आणि धुराचा हिशेब

(नभोवाणीवरील भाषण)



इंदूरच्या सियागंजात किराण्याचा घाऊक व्यापार चालतो. सकाळी तेथे गेले, की हळद-मिरचीचा वास आणि टेंपोंचा धूर एकदमच नाकात शिरतो. येथील व्यापाऱ्यांना पैपैचा हिशेब तोंडपाठ असतो. आज त्यांच्याच रीतीने आपण धुराचा हिशेब मांडू. जितका धूर सोडला, तितक्यात काम किती झाले? ह्या प्रमाणालाच कर्ब-उत्सर्जनाची कार्यक्षमता म्हणतात.

एक कल्पित उदाहरण घेऊ. जुना टेंपो १०० पोती पोचविण्यास १० लिटर डिझेल जाळतो. एका लिटरमागे सुमारे २.७ किलो कर्बवायू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, हवेत जातो. म्हणजे पोत्यामागे २७० ग्रॅम. नवी गाडी तेच काम ७ लिटरमध्ये करते; पोत्यामागे १८९ ग्रॅम. कार्यक्षमता निश्चितच वाढली. परंतु व्यापार वाढून पोती १५० झाली, तर डिझेल साडेदहा लिटर लागेल आणि एकूण धूर पूर्वीपेक्षा अधिकच होईल! हा भेद ध्यानात ठेवला पाहिजे.

नवी गाडी घ्यावयाची तर भांडवल हवे. देशाचेही तसेच आहे, आणि येथेच परकीय भांडवलाचा प्रश्न उपस्थित होतो. त्याविषयी दोन मते आहेत. कोणी म्हणतात, की स्वदेशातील कडक नियम टाळण्यासाठी कारखानदार सैल नियमांच्या देशात येतात व आपली घाण तेथे टाकतात. दुसरे म्हणतात, की ते आपल्याबरोबर सुधारलेली यंत्रे आणि शिस्त आणतात. ह्या दोन्ही मतांना आमच्या परिसरातच आधार सापडतो.

१९८४ च्या डिसेंबरात भोपाळला युनियन कार्बाइडच्या कारखान्यातील विषारी वायूने हजारो माणसांचा बळी घेतला. त्या कारखान्यात पडून राहिलेला ३३७ टन विषारी कचरा चाळीस वर्षांनी, २०२५ साली, इंदूरजवळच्या पीथमपूरला आणून जाळण्यात आला. तो प्रश्न कर्बवायूचा नव्हे, विषाचा होता. तथापि ढिल्या देखरेखीची किंमत कोण मोजतो, हे त्यातून स्पष्ट दिसते. निम्म्याहून अधिक भांडवल परके होते. कचरा मात्र आमच्या वाट्याला आला.

आता दुसरी बाजू पाहू. शहराबाहेर देवगुराडिया येथे फेब्रुवारी २०२२ मध्ये ओल्या कचऱ्यापासून इंधनवायू तयार करणारा मोठा प्रकल्प सुरू झाला. रोज ५५० टन कचरा पचवून सुमारे १७,००० किलो वायू व १०० टन खत देण्याची त्याची तेव्हा क्षमता होती. त्यासाठी १५० कोटी रुपयांचे भांडवल खाजगी कंपनीने घातले, आणि त्या कंपनीमागील गुंतवणूक-निधीत भारत सरकारबरोबर ब्रिटिश सरकारचाही पैसा आहे.

ओला कचरा ढिगाऱ्यात कुजला, की मिथेन वायू सुटतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कर्बवायूच्या सुमारे २८ पट ताप निर्माण करतो. बंद टाकीत कचरा कुजविला, तर तोच वायू पकडून, शुद्ध करून त्यावर बस चालविता येते. मिथेन हवेत जाण्याचे टळते व खनिज इंधनही वाचते. लाभ असा दुहेरी आहे.

परंतु हे भांडवल येथे का आले? २०१६ च्या घनकचरा नियमांनी कचरा उगमापाशीच वेगळा करण्याचे बंधन घातले, आणि इंदूरकरांनी ते अंगी बाणविले. निम्मा वायू शहर-बसगाड्यांसाठी विकत घेण्याची हमी महापालिकेने दिली. कच्चा माल स्वच्छ आणि गिऱ्हाईक निश्चित, हे दिसल्यावरच पैसा पुढे आला. ओल्या कचऱ्यात काच व प्लॅस्टिक मिसळले असते, तर उत्तमातले यंत्रही अडून बसले असते.

शिवाय पैसा परकीयच हवा, असेही नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये ह्याच महापालिकेने हरित रोखे काढून जनतेकडून २४४ कोटी रुपये उभे केले. नर्मदेचे पाणी शहरास चढविणाऱ्या पंपांसाठी जलूद येथे ६० मेगावॅटची सौर वीज निर्माण करणे, हा त्यामागील हेतू होता.

देशाचा विचार केला, तर राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रमाणात उत्सर्जन २००५ ते २०२० ह्या काळात ३६ टक्क्यांनी घटले. २०३० पर्यंत ही घट ४५ टक्क्यांवर नेण्याचे वचन भारताने २०२२ साली दिले. मात्र ह्याच पंधरा वर्षांत एकूण उत्सर्जन वाढले आहे. येथे आपल्या टेंपोची आठवण ठेवावी.

सियागंजातील जाणता दुकानदार वर्षअखेर दोन आकडे पाहतो : विक्रीमागे नफा किती सुटला, आणि डोक्यावर एकूण देणे किती झाले. पहिला आकडा कितीही चांगला असला, तरी दुसरा झाकून वही मिटता येत नाही. परकीय भांडवलाचे स्वागत करतानाही हीच वही पुढे ठेवावी. नियम आपले, देखरेख आपली आणि दुकानापुढच्या दोन बादल्याही आपल्याच. त्या नीट असतील, तरच बाहेरून आलेला पैसा आपल्या उपयोगी पडेल.