वाट कुठे फुटते?
(प्रोग्राममधील गुंता मोजणे आणि सोडवणे)



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आठवीच्या वर्गात आम्हांला एक प्रश्न घातला होता. शाळेच्या फाटकापासून राजवाड्यापर्यंत जाण्याच्या वाटा किती? आम्ही उत्साहाने गल्ल्या मोजल्या आणि प्रत्येकाचे उत्तर निराळे आले. सर म्हणाले, "गल्ल्या मोजू नका, वाट कुठे फुटते ते मोजा." या वाक्याचे मोल मला तीस वर्षांनी संगणकासमोर बसलो असताना कळले. आज त्याविषयीच बोलावे असे योजिले आहे.

1986 साली मी वीजबिले काढणाऱ्या एका कार्यालयासाठी कोबोल भाषेत प्रोग्राम लिहिला. काम साधे होते. चालू आकड्यातून मागील आकडा वजा करावा, आलेल्या युनिटांना दर लावावा, मीटरभाडे मिळवावे. पुढे नियम येत गेले. घरगुती व व्यापारी दर वेगळे झाले, सवलती आल्या, बंद मीटर आले, बदललेले मीटर आले. प्रत्येक नियमासरशी आम्ही मधेच एक ‘जर’ घालत असू. प्रोग्राम चालत होता, म्हणून तो चांगला आहे अशी आमची समजूत होती.

1997 मध्ये एक निवृत्त गृहस्थ खिडकीवर आले. मुलीकडे जाण्यापूर्वी त्यांनी आगाऊ रक्कम भरली होती, परंतु बिल पूर्ण आले होते. "हिशेब कॉम्प्युटरने केला आहे, तो चुकेल कसा?" असे सांगून त्यांना परत पाठविण्यात आले. ते तिसऱ्यांदा पावती घेऊन आले, तेव्हा प्रकरण माझ्यापुढे आले. चूक शोधण्यास तिघांना नऊ दिवस लागले. ती एका पूर्णविरामाची होती!

कोबोलच्या जुन्या धाटणीत ‘जर’ने सुरू झालेली अट पूर्णविरामापर्यंत चालते. ‘मीटर बदलला नसेल तर चालू आकड्यातून मागील आकडा वजा करा’ या वाक्याचा शेवटचा ठिपका एक नवा नियम घालताना गळला होता. त्यामुळे ‘आगाऊ रक्कम वजा करा’ हे पुढचे वाक्यही त्याच अटीच्या पोटात गेले. ज्यांचा मीटर त्या महिन्यात बदलला, त्यांची आगाऊ रक्कम वजा होईनाशी झाली. दहा ओळींच्या लिखाणात हा ठिपका कोणाच्याही नजरेस आला असता. आमच्या लिखाणात तो दिसणे शक्यच नव्हते. का नव्हते, हे संख्येने सांगता येते.

अमेरिकेतील टॉमस मॅककेब यांनी 1976 साली एक लेख प्रसिद्ध करून प्रोग्रामचा गुंता मोजण्याची रीत मांडली. तिचे मूळ आलेख सिद्धान्तात, म्हणजे ऑयलरने 1736 च्या सुमारास सोडविलेल्या कोनिग्जबर्गच्या सात पुलांच्या कोड्यातून वाढलेल्या गणितात आहे. प्रोग्रामचा नकाशा काढावा. प्रत्येक कामाच्या जागी बिंदू, आणि एका कामावरून दुसऱ्याकडे जाताना रेषा. रेषांच्या संख्येतून बिंदूंची संख्या वजा करून 2 मिळवावेत. समजा, एकच अट आहे. अटीचा बिंदू, होकाराचे काम, नकाराचे काम आणि वाटा पुन्हा मिळतात ती जागा असे 4 बिंदू, व रेषाही 4. उत्तर 2. व्यवहारात तर नकाशाचीही गरज नाही. दुहेरी निर्णय मोजून त्यांत 1 मिळवला की झाले. सरांनी सांगितले होते तेच!

ही संख्या एकमेकींपासून स्वतंत्र अशा वाटांची आहे. एकापाठोपाठ एक 10 अटी असतील तर ती 11 येते, परंतु त्यांच्या जुळणीतून होणारे एकूण मार्ग 1024 असतात. म्हणून परीक्षकाने निदान स्वतंत्र वाटा तरी एकदा चालून पाहाव्यात, असा या संख्येचा उपयोग. एका भागासाठी 10 ही वरची मर्यादा मॅककेब यांनी सुचविली होती. मी आमच्या त्या भागातील निर्णय मोजले. ते 42 होते, म्हणजे संख्या 43. आमची नजर मंद नव्हती. आम्ही नजरेला अशक्य काम दिले होते.

तथापि या संख्येला देव्हाऱ्यात बसवू नये. बारा महिन्यांची नावे निवडणाऱ्या भागात फाटे पुष्कळ, पण तो शाळकरी मुलालाही वाचता येईल. अशा सरळ निवडीला मर्यादेतून सूट द्यावी, हे मॅककेब यांनीच नमूद केले आहे. उलट पाच अटी एकीच्या पोटात एक अशा असल्या तर संख्या केवळ 6 येते, पण वाचणाऱ्याचे डोके शिणते. चुकीची नावे, एकच हिशेब चार ठिकाणी लिहिणे, हे दोष तर या मापात दिसतच नाहीत. ताप मोजणारी नळी दुखणे ओळखत नाही, पण वैद्याला कोणाकडे आधी पाहावे हे सांगते. तेवढेच हिचे काम.

मग आम्ही उपचार काय केला? नवा नियम घालणे काही काळ थांबविले. सर्व प्रकारच्या ग्राहकांची तीन महिन्यांची बिले साक्षीदार म्हणून बाजूला ठेवली. नंतर लिखाणाचे लहान तुकडे पाडले व त्यांना कामाची नावे दिली: वापर काढणे, दर लावणे, सवलत देणे, आगाऊ रक्कम वजा करणे. युनिटांचे टप्पे ‘जर’च्या माळेतून काढून एका कोष्टकात नेले. प्रत्येक फेरफारानंतर तीच बिले पुन्हा काढून पैशापर्यंत जुळविली. या काळात जुनी चूकसुद्धा तशीच येऊ दिली, कारण रचना आणि वागणूक एकाच वेळी बदलली तर फरक कशामुळे पडला हे कळत नाही. रचना नीट झाल्यावर चूक वेगळी दुरुस्त केली. तेव्हा ती एका ओळीचे काम ठरली.

एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. तुकडे पाडल्याने सर्व निर्णय नाहीसे झाले नाहीत. कोष्टकामुळे काही गेले, बाकीचे वाटले गेले. मात्र कोणत्याही एका पानावर डोक्यात न मावण्याइतके ते उरले नाहीत.

वागणूक न बदलता अंतर्गत रचना सुधारण्याच्या या कामाला ‘रिफॅक्टरिंग’ म्हणतात, हे मला मागाहून समजले. विल्यम ऑपडाइक यांचा त्यावरील प्रबंध इलिनॉय विद्यापीठात 1992 मध्ये झाला होता, आणि मार्टिन फाउलर यांचे त्याच नावाचे पुस्तक 1999 मध्ये आले. त्याच्याही आधी, 1974 मध्ये, मेयर लेहमन यांनी नियम मांडला होता की वापरात असलेला प्रोग्राम बदलत राहतो, आणि मुद्दाम श्रम केले नाहीत तर त्याचा गुंता वाढतच जातो. आमची अकरा वर्षे म्हणजे या नियमाचे उदाहरणच होती.

आज ही संख्या मोजण्याची साधने संगणकावरच असतात, आणि संख्या कमी दिसावी म्हणून लिखाणाचे अर्थहीन तुकडे करणारेही मी पाहिले आहेत. त्यांना मी सरांची एक सवय सांगतो. उत्तर बरोबर असूनही पायऱ्या दिसत नसतील तर ते गुण कापत. एकदा मी तक्रार केली, तेव्हा म्हणाले, "उत्तर तुला कळले. ही वही उद्या दुसऱ्याच्या हाती पडली तर त्याने काय करावे?"

त्या गृहस्थांची रक्कम पुढच्या बिलात वळती झाली, आणि जुनी बिले तपासली तेव्हा तशी आणखीही काही निघाली. त्या लोकांनी कधी तक्रारच केली नव्हती. कॉम्प्युटरचे बिल चुकत नाही, असे आम्हीच त्यांना सांगितले होते ना!