विश्लेषण : डोळ्यांच्या व्यायामाने चष्मा जातो का?

दिवसभर मोबाइल आणि संगणक पाहून संध्याकाळी डोळे चुरचुरतात, जड होतात. मग त्याच मोबाइलवर ‘महिनाभरात चष्मा घालवा’ असे सांगणाऱ्या चित्रफिती समोर येतात. या व्यायामांनी काय साधते आणि काय साधत नाही, हे वेगळे करून पाहायला हवे.

डोळे थकतात कशामुळे?

जवळचे पाहताना डोळ्यातील भिंगाभोवतीचा सिलिअरी स्नायू आकुंचन पावतो आणि भिंग फुगीर होते. लांब पाहताना तो सैल पडतो. मोबाइल तासन्‌तास जवळ धरला की या स्नायूला उसंत मिळत नाही. दुसरे कारण पापण्यांचे. एरवी आपण मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा पापण्या मिटतो. स्क्रीनकडे पाहताना हे प्रमाण बरेच घटते. अश्रूंचा थर वाळतो आणि डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते.

कोणते व्यायाम उपयोगी?

थकवा घालवणारे व्यायाम अगदी साधे आहेत. दर २० मिनिटांनी किमान २० फूट लांबच्या वस्तूकडे २० सेकंद पाहा. खिडकीबाहेरचे झाड किंवा समोरच्या इमारतीची गच्चीही चालेल. स्क्रीनसमोर बसल्यावर अधूनमधून आठ-दहा वेळा पापण्या सावकाश, पूर्ण मिटा. तळवे एकमेकांवर घासून मिटलेल्या डोळ्यांवर मिनिटभर अलगद ठेवले तर आराम वाटतो. फक्त बुबुळांवर दाब देऊ नका. संगणक हातभर अंतरावर आणि नजरेच्या थोडा खाली ठेवा. पंख्याचा किंवा एसीचा झोत थेट डोळ्यांवर नको.

मग नंबर का जात नाही?

कारण नंबर हा थकवा नाही, ती डोळ्याची ठेवण आहे. प्रौढ माणसाचा डोळा पुढून मागे सुमारे २४ मिलिमीटर लांब असतो. तो जास्त लांबला की प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडेच तयार होते आणि लांबचे धूसर दिसते. हाच मायनस नंबर. बुबुळे गरागरा फिरवून ही लांबी कमी होत नाही. चाळिशी लागते ती भिंगाची लवचिकता कमी झाल्याने; तीही व्यायामाने परतत नाही.

चष्म्याशिवाय दृष्टी सुधारण्याचा दावा जुना आहे. न्यूयॉर्कचे नेत्रवैद्य विल्यम बेट्स यांनी १९२० मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. जवळ-लांब पाहण्यात भिंगाचा वाटा नसतो, असे ते मानत. ते पुढे टिकले नाही. चीनमधील शाळांत १९६३ पासून डोळ्यांभोवती मसाज करण्याचे व्यायाम घेतले जातात, तरी तेथील मुलांमध्ये मायनस नंबरचे प्रमाण मोठेच राहिले.

उपचार म्हणून व्यायाम कधी?

काहींना जवळचे पाहताना दोन्ही डोळे नीट आत वळवता येत नाहीत. वाचताना अक्षरे दोन-दोन दिसतात, डोके दुखते. अशांना पेन्सिलचे टोक नाकाजवळ आणत पाहण्याचा सराव सांगितला जातो. अमेरिकेतील मुलांवर झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, घरच्या घरी पेन्सिलचा सराव करण्यापेक्षा दवाखान्यात तज्ज्ञांच्या देखरेखीखाली केलेला सराव अधिक परिणामकारक ठरला. म्हणजे हा व्यायामही तपासणीनंतरच करायचा.

मुलांच्या बाबतीत काय जपावे?

सर्वात मोठे नुकसान इथेच होऊ शकते. एका डोळ्याचा नंबर जास्त असेल किंवा तिरळेपणा असेल, तर मेंदू त्या डोळ्याकडून येणाऱ्या प्रतिमेकडे दुर्लक्ष करू लागतो. हाच ‘आळशी डोळा’. त्यावरचे उपचार सात-आठ वर्षांच्या आत सुरू झाले तर अधिक लाभतात. ‘आधी व्यायाम करून बघू’ म्हणत चष्मा लांबवला, तर हा मोलाचा काळ हातचा जातो. चष्मा लावल्याने नंबर वाढतो, ही समजूतही चुकीची आहे.

मायनस नंबर लागू नये यासाठी मुलांना दिवसाउजेडी बाहेर खेळू देणे उपयोगी ठरते. तैवानने २०१० मध्ये शाळकरी मुलांना रोज १२० मिनिटे घराबाहेर नेण्याचा कार्यक्रम सुरू केला, तो याच आधारावर.

केव्हा थांबू नये?

सूर्याकडे एकटक पाहण्याचा ‘व्यायाम’ कधीही करू नका. दृष्टिपटलाला कायमची इजा होऊ शकते. डोळ्यांसमोर अचानक ठिपके वाढणे, वीज चमकल्यासारखे दिसणे, नजरेवर पडदा आल्यासारखे वाटणे, एकाएकी कमी दिसणे किंवा डोळा लाल होऊन दुखणे, यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. काचबिंदू बहुतेकदा न दुखता नजर खातो. त्यामुळे चाळिशीनंतर डोळ्यांची नियमित तपासणी हवी आणि मधुमेह असेल तर दरवर्षी दृष्टिपटलाचीही. व्यायामाने आराम मिळत असेल तर जरूर करा. मात्र त्यापायी तपासणी पुढे ढकलू नका.