मिरजेचा तंबोरा, औंधची मैफल
ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात रुजवली ती बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी. विष्णु दिगंबर पलुसकर त्यांच्याकडे शिकले ते मिरजेतच. पुढे 1901 मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. बुवांचेच दुसरे शिष्य अंतुबुवा जोशी. साताऱ्यातल्या औंधला त्यांनी आपले आध्यात्मिक गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ 1940 मध्ये संगीत महोत्सव सुरू केला.

ग्वाल्हेरची बंदिश मध्यलयीत, ठाशीव. किराणा घराण्याचं तंत्र निराळं: विलंबित लय, एकेका सुराची सावकाश बढत. त्या घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले, 1937 मध्ये गेल्यावर तिथल्याच दर्ग्यात विसावले. उरुसात तिथे अजून गाणं होतं.

असं सुरावर रेंगाळायचं तर तंबोरा चोख हवा, आणि तो मिरजेत घडतो. वाळवलेला भोपळा, वर लाकडी दांडी हे झालं सुतारकाम. खरी कसोटी जवारीची, म्हणजे तारेचा झंकार खुलवण्याची. तारा टेकतात त्या घोडीचा माथा कानसीने किंचित उतरता घासायचा, तारेखाली दोऱ्याचा जिवा सरकवत न्यायचा. नेमक्या जागी तार झणझणून खुलते, केसभर पुढे गेलात की मिटते. मोजपट्टी इथे कुचकामी. कारागिराचा कानच हवा. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. उशिराच म्हणायचं.