समुद्रतळावरील वायू-उत्पादन यंत्रणा : केजी-डी६ क्षेत्राचा अनुभव

प्रस्तावना :
मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० कि. मी. अंतरावर असलेल्या 'मुंबई हाय' क्षेत्रात पाण्याची खोली ७५ मीटरच्या आसपास आहे. त्यामुळे तेथे समुद्रतळावर पोलादी पाय रोवून फलाट उभारता आले. पूर्व किनाऱ्यावरील कृष्णा-गोदावरी खोऱ्यात, केजी-डी६ ब्लॉकमध्ये, २००२ साली सापडलेला वायू मात्र सुमारे हजार मीटर खोल पाण्याखाली होता. तेथे असे फलाट उभारणे शक्य नव्हते. प्रस्तुत लेखात या ठिकाणी वापरलेल्या यंत्रणेचा व तिच्या मर्यादेचा विचार केला आहे.

यंत्रणेचे स्वरूप :
या पद्धतीत विहिरीचे तोंड समुद्रतळावरच असते. त्यावर 'ख्रिसमस ट्री' नावाचा झडपांचा संच बसवितात. अनेक विहिरींचा वायू मॅनिफोल्डमध्ये एकत्र येऊन वाहिनीद्वारे किनाऱ्याकडे जातो. झडपांना लागणारी वीज, संदेश, दाबाखालील द्रव व रसायने 'अम्बिलिकल' या संयुक्त केबलमधून पुरविली जातात. पाणबुड्यांना एवढ्या खोलीवर काम करणे अशक्यप्राय असल्याने देखभाल दूरनियंत्रित यानांकडून होते. केजी-डी६ मध्ये उथळ पाण्यात एक नियंत्रण फलाट असून वायूवरील प्रक्रिया काकीनाडाजवळील गाडीमोगा येथे होते.

खोल पाण्यातील प्रमुख अडचण हायड्रेटची असते. अधिक दाब व कमी तापमान असता वायू आणि पाणी मिळून बर्फासारखा घनपदार्थ तयार होतो व तो वाहिनी बंद पाडू शकतो. पाणी गोठण्याच्या तापमानाच्या वरही ही क्रिया घडते. ती रोखण्यासाठी विहिरीजवळच ग्लायकॉल मिसळतात. ते किनाऱ्यावर वेगळे करून पुन्हा वापरले जाते.

अपेक्षा आणि वास्तव :
एप्रिल २००९ मध्ये धीरूभाई-१ व ३ क्षेत्रांतून उत्पादन सुरू झाले. यंत्रणेची रचना प्रतिदिन ८ कोटी घनमीटर वायूसाठी होती. २०१० मध्ये ब्लॉकचे उत्पादन ६ कोटी घनमीटरच्या वर गेले, परंतु त्यानंतर ते झपाट्याने घसरले. सुमारे १० लाख कोटी घनफूट मानलेला काढण्याजोगा साठा पुढे सुमारे ३ लाख कोटी घनफूट ठरविण्यात आला. कंपनीने भूस्तरांच्या गुंतागुंतीकडे बोट दाखविले, तर आराखड्यापेक्षा कमी विहिरी खोदल्याचा आक्षेप सरकारने घेतला.

याची झळ महाराष्ट्रालाही बसली. रत्नागिरी जिल्ह्यातील अंजनवेल येथील वीजप्रकल्प या वायूवर अवलंबून होता. पुरवठा आटल्याने २०१३ मध्ये तो बंद पडला आणि २०१५ च्या अखेरीस आयात वायूवर अंशतः सुरू झाला.

समारोप :
समुद्रतळावरील यंत्रणेचा बहुतांश खर्च उत्पादनापूर्वीच करावा लागतो. साठ्याचे खरे वर्तन मात्र उत्पादनानंतरच उमगते. केजी-डी६ मध्ये हीच विसंगती महागात पडली. तथापि तेथील गुंतवणूक सर्वस्वी वाया गेली नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये जुनी क्षेत्रे बंद झाली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, दोन हजार मीटरहून अधिक खोलीवरील 'आर क्लस्टर'चा वायू त्याच नियंत्रण फलाटाच्या आधारे किनाऱ्यावर येऊ लागला. म्हणून अशा क्षेत्रांचा विकास टप्प्याटप्प्याने करणे आणि वायूवर आधारित उद्योगांनी प्राथमिक अंदाजालाच हमी न मानणे, हे दोन्ही आवश्यक ठरते.